सिम्पसन्सच्या घरातली बंदूक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'द सिम्पसन्स' मी पहिल्यांदा पाहिली ती पुण्यात, केबलवर. तेव्हा अर्धे विनोद डोक्यावरून जायचे. पुढे लग्न होऊन टेक्सासला आले, तेच भाग पुन्हा पाहिले आणि लक्षात आलं की ज्या गोष्टीला मी निव्वळ कार्टूनमधली धमाल समजत होते, ती इथल्या घराघरांत खरोखरच असते. विशेषतः बंदूक. मंडळातल्या मैत्रिणी, भारतातली भाचरं, शाळेच्या दारात भेटणारे मराठी आईबाबा मला या मालिकेबद्दल तेच तेच विचारतात. म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवते आहे.

ही मालिका प्रौढांची आहे की मुलांची? आणि तिच्यात बंदुकांबद्दल बोलण्यासारखं एवढं काय आहे?

मालिका कुटुंबाची आहे, पण लिहिलेली मोठ्यांसाठी. 17 डिसेंबर 1989 पासून ती अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर सुरू आहे. मॅट ग्रेनिंग, जेम्स एल. ब्रुक्स आणि सॅम सायमन या तिघांनी ती उभी केली. स्प्रिंगफील्ड नावाचं काल्पनिक गाव, अणुवीज केंद्रात नोकरी करणारा होमर, त्याची बायको मार्ज, आणि बार्ट, लिसा, मॅगी ही तीन मुलं.

अॅक्शन मालिकांमध्ये बंदूक नायकाच्या कमरेला असते. इथे ती घरातल्या इतर वस्तूंसारखी कुठेतरी पडलेली असते: गाडीच्या सीटखाली, बारच्या काउंटरखाली, फ्रिजमध्ये. आणि बऱ्याचदा ती लहान मुलाच्या हाताला लागते. इतकी वर्षं पाहून माझं मत असं झालं आहे की या मालिकेत बंदूक कोणत्या बनावटीची आहे हे विचारण्यात फारसा अर्थ नाही. ती कुठे ठेवली आहे आणि कोणाचा हात तिथवर पोचतो, हेच लेखकांनी पुन्हा पुन्हा दाखवलं आहे.

बंदुकीवरचा तो गाजलेला भाग कोणता?

'द कार्ट्रिज फॅमिली'. नवव्या पर्वातला पाचवा भाग, 2 नोव्हेंबर 1997 ला दाखवला गेला. लेखक जॉन स्वार्ट्झवेल्डर, दिग्दर्शक पीट मिशेल्स.

सुरुवात फुटबॉलने होते. स्प्रिंगफील्डच्या स्टेडियममध्ये मेक्सिको आणि पोर्तुगालचा सामना असतो. जाहिरात अशी की जणू पृथ्वीवरचा सर्वश्रेष्ठ देश आजच ठरणार. प्रत्यक्षात खेळाडू मैदानाच्या मध्यावर एकमेकांना चेंडू देत राहतात. प्रेक्षक कंटाळतात, मारामारी होते, दंगल गावभर पसरते. घाबरलेली मार्ज म्हणते, घराला काहीतरी संरक्षण हवं. अलार्म होमरला महाग वाटतो, म्हणून तो बंदुकीच्या दुकानात जातो. दुकानाचं नाव 'ब्लडबाथ अँड बियॉन्ड'. चादरी, टॉवेल, भांडी विकणारी 'बेड बाथ अँड बियॉन्ड' नावाची मोठी दुकानसाखळी इथे सगळ्यांना माहीत होती, तिच्या नावातच रक्तपात घुसवलेला आहे.

बंदूक घरी येते आणि होमरला सगळ्याच कामांवर तो एकच उपाय दिसायला लागतो. दिवा बंद करायचाय, झाड गोळी. टीव्ही बंद करायचाय, झाड गोळी. बिअरचा डबा उघडायचाय, तरी तेच. मार्ज विनवते, घरात हे नको. होमर वचन देतो आणि बंदूक फ्रिजमध्ये भाज्यांच्या कप्प्यात लपवतो. आपण कोथिंबीर-मिरच्या ठेवतो तो खालचा ड्रॉवर. तिथे कोण बघतंय, अशी त्याची समजूत.

पुढचं दृश्य काही सेकंदांचंच आहे. बार्टला ती बंदूक सापडते. मित्र मिलहाउस तोंडात सफरचंद धरून उभा राहतो, बार्ट नेम धरतो आणि तेवढ्यात मार्ज दारात येते. या ठिकाणी विनोद थांबतो. मार्ज मुलांना घेऊन घर सोडते आणि एका कळकट मोटेलमध्ये जाऊन राहते. त्या 'स्लीप-ईझी' मोटेलच्या पाटीवरची काही अक्षरं विझलेली असतात आणि 'स्लीझी' (म्हणजे गचाळ) एवढंच उरलेलं असतं. होमर माफी मागायला येतो, बंदूक टाकून दिली म्हणून सांगतो. तेवढ्यात मोटेलवर दरोडा पडतो आणि ती टाकलेली बंदूक त्याच्याचकडून बाहेर निघते.

शेवटी मार्ज ती बंदूक फेकते ना?

फेकायला जाते. कचऱ्याच्या डब्यात टाकतेही. पण चकचकीत झाकणात तिला स्वतःचं बंदूकधारी प्रतिबिंब दिसतं. मागे साठच्या दशकातल्या एका ब्रिटिश हेरमालिकेचं संगीत वाजतं. मार्ज बंदूक उचलून हळूच पर्समध्ये टाकते आणि चालू लागते.

हा शेवट कित्येकांना खटकतो. एवढा सगळा विरोध केला आणि शेवटी हे? मला तो या भागातला सर्वांत प्रामाणिक क्षण वाटतो. बंदूक हातात आली की माणसाला आपण वेगळे दिसतो असं वाटतं, आणि ते मार्जलाही चुकलेलं नाही. होमर मूर्ख आहे म्हणून मोहात पडला, असं म्हणून प्रेक्षकाला सुटता येऊ नये याची काळजी लेखकाने घेतली आहे.

भागाच्या नावाचा अर्थ काय?

सत्तरच्या दशकात अमेरिकेत 'द पार्ट्रिज फॅमिली' नावाची गाणाऱ्या कुटुंबाची गोड मालिका होती. पार्ट्रिज म्हणजे तित्तिरासारखा पक्षी. त्यातलं एक अक्षर बदललं की होतं कार्ट्रिज, म्हणजे काडतूस. काडतूस कुटुंब.

जाता जाता एक गोष्ट सांगते. आपला 'काडतूस' हा शब्द पोर्तुगीज 'कार्तुशो'वरून आला, आणि 'पिस्तूल'ही पोर्तुगीजांकडूनच. सामना पोर्तुगालचा आणि भागाचं नाव काडतुसावर, हा योग मराठी माणसालाच दिसेल असा.

बंदूक घेताना होमरला पाच दिवस थांबायला लावतात. असा कायदा खरंच होता?

होता, आणि भाग प्रसारित झाला तेव्हा लागू होता. 30 मार्च 1981 ला वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्यावर गोळीबार झाला. त्यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रेडी यांच्या डोक्यात गोळी लागली आणि ते कायमचे अपंग झाले. हल्लेखोराने वापरलं होतं ते .22 कॅलिबरचं स्वस्तातलं छोटं रिव्हॉल्व्हर. ब्रेडी पतिपत्नींनी पुढे अनेक वर्षं पाठपुरावा केला. अखेर 30 नोव्हेंबर 1993 ला बिल क्लिंटन यांनी ब्रेडी कायद्यावर सही केली आणि 28 फेब्रुवारी 1994 पासून तो अमलात आला. हँडगन (पिस्तूल, रिव्हॉल्व्हरसारखी हातात मावणारी बंदूक) विकत घेणाऱ्याला कामकाजाचे पाच दिवस थांबवायचं आणि तेवढ्यात त्याची पूर्वपीठिका तपासायची. जून 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यातला एक भाग रद्द केला: केंद्र सरकार स्थानिक पोलीस प्रमुखांना ही तपासणी करायला भाग पाडू शकत नाही. थांबण्याची अट मात्र राहिली. हा निकाल ताजा असतानाच होमर दुकानात शिरला.

दुकानदार पाच दिवस म्हणतो तेव्हा होमरची तक्रार अशी, की मला राग तर आत्ता आलाय. थांबायला लावण्यामागचं सगळं कारण या एका वाक्यात आहे. राग आत्ता आलेला असतो, म्हणूनच बंदूक पाच दिवसांनी द्यायची. मग टॉम पेटीचं 'द वेटिंग' वाजतं आणि बिचारा होमर हात चोळत दिवस काढतो.

30 नोव्हेंबर 1998 ला संगणकावरची तत्काळ तपासणी सुरू झाली आणि पाच दिवसांची केंद्रीय अट संपली. काही राज्यांनी स्वतःची मुदत ठेवली आहे. आमच्या टेक्सासमध्ये तशी मुदत नाही. तपासणीत नाव अडलं नाही, तर गिऱ्हाईक त्याच दिवशी बंदूक घेऊन घरी जातं.

'तीनच बंदुका मिळतील' हा विनोद कळला नाही.

दुकानदार होमरची माहिती काढतो. मनोरुग्णालयात राहून आलेला, दारूचा त्रास, माजी राष्ट्राध्यक्ष बुश यांच्याशी मारामारी (हा आधीच्या एका भागातला प्रसंग). निष्कर्ष: संभाव्य धोकादायक. होमर खचतो. पण दुकानदार सांगतो, याचा अर्थ एवढाच की तुम्हाला तीनपेक्षा जास्त हँडगन घेता येणार नाहीत. अमेरिकन प्रेक्षक हसतो, कारण धोकादायक माणसालाही तीन!

आपल्याकडे कायदाच काय म्हणत होता बघा. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवानाधारकाला जास्तीत जास्त तीनच बंदुका ठेवता येत होत्या, आणि 2019 च्या दुरुस्तीने त्या दोनवर आणल्या. म्हणजे स्प्रिंगफील्डमध्ये जी धोकादायक माणसाची मर्यादा, ती भारतात साध्यासरळ परवानाधारकाची. शिवाय परवाना मिळवायचा म्हणजे शहरात पोलीस आयुक्त आणि जिल्ह्यात जिल्हाधिकारी कार्यालयाच्या खेपा.

माझ्या आजोळी, सिंधुदुर्गात, शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक होती. रानडुकरं आणि वानरांसाठी. ती माजघरात उंच खुंटीला, दारूचा डबा वेगळ्या खोलीत, आणि त्या खोलीची किल्ली आजीच्या कमरेला. निवडणूक आली की आजोबा ती खांद्यावर टाकून पोलीस ठाण्यात जमा करायला जायचे आणि पावती जपून ठेवायचे. त्यामुळे बंदूक दिसली की घाबरायचं, असं माझं नाही. फ्रिजमधली बंदूक पाहून माझ्या पोटात जो गोळा येतो, तो आजीची किल्ली आठवते म्हणून.

मालिकेतल्या बंदुका खऱ्यासारख्या काढलेल्या असतात का?

ओळखू येतील एवढ्याच. हँडगन, दुनळी, रायफल यांत गल्लत होत नाही, पण बारकाव्यांचा सोस नाही. एक गोष्ट मात्र चित्रकारांना सोडवावी लागली असणार. स्प्रिंगफील्डमधल्या माणसांना अंगठा धरून चारच बोटं. अंगठा मागे, एक बोट चापावर, म्हणजे दस्ता धरायला दोनच उरतात. म्हणून इथे हातातली बंदूक नेहमी थोडी सैल, खेळण्यासारखी दिसते. पुढच्या वेळी भाग थांबवून होमरचा हात बघा.

बंदुकीने दिवे बंद करणं वगैरे केलं तर खरं काय होईल?

गोळी दिव्यापाशी थांबणार नाही. अमेरिकेतली बहुतेक घरं लाकडी सांगाड्याची, भिंती जिप्समच्या पातळ पाट्यांच्या. आमच्या घरात तसबीर लावायला मी पहिल्यांदा खिळा ठोकला, तो दोन ठोक्यांत अख्खा आत गेला तेव्हा भिंत म्हणजे काय हे मला कळलं. हँडगनची गोळी अशा एकामागून एक भिंती पार करून पलीकडच्या खोलीत, कधी शेजाऱ्याच्या घरातही जाऊ शकते. आपल्याकडच्या विटा-सिमेंटच्या भिंतींचा अंदाज इथे लावू नये.

इथल्या प्रशिक्षणवर्गांत नेमबाजी प्रशिक्षक जेफ कूपर यांचे चार नियम शिकवतात. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरा. जे उद्ध्वस्त करायचं नाही त्याच्याकडे नळी वळवू नका. नेम बसेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवा. लक्ष्य काय आहे आणि त्याच्या पलीकडे कोण आहे, हे ओळखा. होमर हे चारही नियम मोडतो, आणि इतक्या पद्धतशीरपणे मोडतो की लेखकाला ते पाठ असावेत अशी माझी खात्री आहे.

हा भाग बंदुकीच्या विरोधात आहे की बाजूने?

दोन्हीकडचे लोक त्यावर चिडले आणि दोन्हीकडचे खूशही झाले. भागात लिसा म्हणते की अमेरिकन राज्यघटनेतली, बंदूक बाळगण्याचा हक्क देणारी दुसरी दुरुस्ती ही क्रांतीच्या काळातला अवशेष आहे. त्यावर होमरचं उत्तर असं, की बंदूक नसेल तर इंग्लंडचा राजा केव्हाही घरात घुसून आपल्याला ढकलाढकली करेल.

नॅशनल रायफल असोसिएशन ही बंदूकधारकांची 1871 पासूनची खरी संघटना आहे. तिच्या बैठका भागात दाखवल्या आहेत. त्यात होमरचा मित्र लेनी सांगतो की लष्करी धाटणीच्या रायफली उडत्या खारी आणि विजेचे मासे अशा आधुनिक महाप्राण्यांसाठी बनवलेल्या आहेत. त्या काळात, 1994 ते 2004, अशा बऱ्याच रायफलींच्या विक्रीवर देशभर बंदी होती, त्यामुळे हा विनोद सरळ वर्तमानपत्रातून उचललेला होता. पण गंमत म्हणजे होमर बैठकीत गोळी झाडून आपली कामं करून दाखवतो तेव्हा हेच सदस्य हादरतात आणि त्याला संघटनेबाहेर काढतात. भागातली जबाबदार माणसं तीच ठरतात. मालिकेचे तेव्हाचे प्रमुख माइक स्कली यांनी नंतर डीव्हीडीवरच्या चर्चेत सांगितलं की यात संदेश असलाच तर एवढाच: होमरसारख्या माणसाकडे बंदूक असू नये.

मला हे पटतं, पण पुरेसं वाटत नाही. आपण होमर आहोत असं कोणत्याही होमरला वाटत नसतं. 'स्मॉल आर्म्स सर्व्हे' या संस्थेने 2018 मध्ये दिलेल्या अंदाजाप्रमाणे अमेरिकेत नागरिकांकडे सुमारे 39 कोटी 30 लाख बंदुका आहेत, म्हणजे माणसांपेक्षा जास्त.

हा भाग ब्रिटनमध्ये दाखवला नव्हता, हे खरं का?

स्काय वन या उपग्रह वाहिनीने तो तेव्हा दाखवला नाही. बीबीसीवर मात्र तो लागला. ब्रिटनचा तो काळ वेगळा होता. 13 मार्च 1996 ला स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या प्राथमिक शाळेत 16 मुलं आणि त्यांची शिक्षिका गोळीबारात मारली गेली होती, आणि 1997 मध्येच तिथे खासगी हँडगनवर बंदी आली. पुढे हाच भाग 1999 मध्ये 'टू हॉट फॉर टीव्ही' नावाच्या व्हिडिओ कॅसेटवर विकला गेला.

मिस्टर बर्न्सना गोळी कोणी घातली?

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी हा प्रश्न सोडून पुढे जावं.

मॅगीने. तान्ह्या बाळाने. या दोन भागांच्या गोष्टीतला पहिला 21 मे 1995 ला लागला, उत्तर 17 सप्टेंबरला, आणि मधला उन्हाळाभर अमेरिका अंदाज बांधत राहिली. गुपित फुटू नये म्हणून वेगवेगळ्या गुन्हेगारांचे खोटे शेवटही चित्रित करून ठेवले होते.

बर्न्स या म्हाताऱ्या धनाढ्याने स्वतःच्या रक्षणासाठी कोटाखाली बंदूक बाळगायला सुरुवात केलेली असते. गाडीत एकट्या बसलेल्या मॅगीच्या हातातलं लॉलीपॉप तो हिसकावू बघतो, झटापटीत बंदूक निसटून तिच्या हातात पडते आणि उडते. मग ती सीटखाली जाते. नंतर होमरचं आइस्क्रीम पडतं, तो सीटखाली चाचपडतो आणि नकळत बंदुकीवर बोटांचे ठसे उमटवतो. पोलीस त्यालाच पकडतात.

रहस्यकथा म्हणून यातले दुवे फार सुरेख जुळवले आहेत. पण मी आता तो भाग पाहते तेव्हा रहस्य बाजूला राहतं. स्वसंरक्षणासाठी घेतलेली बंदूक मालकाच्या अंगावर उलटते, आणि नंतर ती कुटुंबाच्या गाडीत, मुलांच्या पायांशी, कोणाच्याही ध्यानीमनी नसताना पडून राहते. फ्रिजवाल्या भागाच्या दोन वर्षं आधीच लेखकांना हे चित्र सापडलं होतं.

मॅगी पुन्हा कधी बंदूक चालवते का?

हो. 22 मे 2002 च्या भागात होमरवर गुंडांची टोळी चालून येते आणि मॅगी खिडकीतून रायफलीने त्यांना टिपते. हा प्रसंग मला आवडत नाही. 1995 मध्ये तो अपघात होता आणि त्याला वजन होतं. इथे बाळ नेमबाज झालं आणि बंदुकीचं पुन्हा खेळणं झालं.

बार्ट पक्षी मारतो तो भाग कोणता? फार रडू आलं होतं.

'बार्ट द मदर', 27 सप्टेंबर 1998. शाळेतला दांडगा मुलगा नेल्सन, त्याच्याकडे छर्ऱ्याची बंदूक असते, आपल्या जत्रेत फुगे फोडायला असते त्याच जातीची. आईने जाऊ नको म्हटलेलं असताना बार्ट नेल्सनकडे जातो. समोर झाडावर पक्षीण बसलेली. नेल्सन डिवचतो. बार्टला मारायचं नसतं, म्हणून तो मुद्दाम बाजूला नेम धरतो. पण बंदुकीची माशीच, म्हणजे नळीवरची नेम धरायची खूणच, वाकडी असते, त्यामुळे बाजूला झाडलेला छर्रा नेमका पक्षिणीला लागतो. तिच्या घरट्यातली अंडी मग बार्ट स्वतः उबवतो.

जत्रेतली बंदूक ज्याने हातात धरली आहे त्याला वाकडी माशी माहीत असते. फुगा का फुटत नाही म्हणून आपण दुकानदाराशी भांडलेलो असतो. इथे त्याच वाकड्या माशीवर जीव जातो. 'मला मारायचं नव्हतं' हे मुलाचं वाक्य पूर्ण खरं असूनही उपयोगाचं नाही, हे इतक्या साध्या युक्तीने दाखवलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

याच भागात पक्ष्यांवरच्या शैक्षणिक फिल्मचा निवेदक म्हणून ट्रॉय मॅक्लुअर हे पात्र येतं. आवाज फिल हार्टमन यांचा. ट्रॉय मॅक्लुअर आणि वकील लायनेल हट्झ ही दोन्ही पात्रं त्यांचीच, आणि मालिकेच्या पहिल्या दशकातलं अर्धं हसू त्यांच्या त्या गुळगुळीत, फसव्या आवाजातलं आहे. 28 मे 1998 ला लॉस एंजेलिसमधल्या राहत्या घरी, झोपेत असताना, त्यांच्या पत्नीने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि मग स्वतःवरही. ते 49 वर्षांचे होते. चार महिन्यांनी 'बार्ट द मदर' लागला. मालिकेतलं ते त्यांचं शेवटचं काम ठरलं, आणि भाग त्यांना अर्पण केलेला आहे. त्यांची दोन्ही पात्रं मग कोणालाही दिली गेली नाहीत. चुकून बंदूक चाललेल्या मुलाची गोष्ट सांगणाऱ्या भागात, घरातल्या बंदुकीने मारल्या गेलेल्या माणसाचा आवाज. मी तो भाग पाहते तेव्हा त्याचं बोलणं सुरू झालं की माझं हसू आटतं.

अपूच्या दुकानातल्या दरोड्यांचं काय?

'होमर अँड अपू', 10 फेब्रुवारी 1994. अपू हा मालिकेतला भारतीय दुकानदार. तो दुसऱ्याचा जीव वाचवायला गोळीसमोर येतो आणि वाचतो, कारण आधीच्या दरोड्यातली एक गोळी छातीत अडकलेली असते आणि नवी तिच्यावर आपटून परतते. विनोद बेतलेला आहे इथल्या चौकाचौकातल्या वास्तवावर. पेट्रोलपंपावरची, रात्रभर उघडी राहणारी छोटी दुकानं चालवणाऱ्यांत आपली माणसं खूप आहेत, आणि जाड काचेआड बसून, फटीतून सुटे पैसे देणारे काका मी आमच्याच रस्त्यावर पाहिले आहेत. अपूच्या उच्चारांवरून झालेली टीका रास्त होती, आणि आवाज देणारे हँक अझारिया 2020 मध्ये त्या भूमिकेतून बाजूला झाले. पण त्याच्या छातीतल्या त्या जुन्या गोळीबद्दल कोणी बोललं नाही, याचं मला वाईट वाटतं.

विचित्र बंदुकांची यादी द्याल का?

यादी नको, दोनच सांगते. 20 सप्टेंबर 1998 च्या भागात होमर संशोधक होतो आणि बायकांच्या तोंडावर एकाच फटक्यात पूर्ण मेकअप उडवणारी शॉटगन बनवतो. आणि 1991 च्या हॅलोविन भागात जगात शांतता येते, सगळे शस्त्रं टाकतात, तेवढ्यात परग्रहावरचे दोघं गलोल आणि सोटा घेऊन पृथ्वी जिंकतात. शेवटी बारवाला मो त्यांना खिळा ठोकलेली फळी घेऊन पिटाळतो.

आता कार्टूनमधून बंदुका काढून टाकल्या असं ऐकलं. खरं आहे?

सगळीकडून नाही. 2020 मध्ये एचबीओ मॅक्सवर 'लूनी ट्यून्स'चे नवे भाग आले, त्यात सशामागे धावणाऱ्या एल्मर फडच्या हातातली बंदूक काढून घेतली. सुरुंग आणि डोक्यात पडणारी ऐरण मात्र ठेवली. सिम्पसन्समध्ये बंदुका आहेत. मला विचाराल तर त्या तिथे असाव्यात. ज्या घरांत बंदूक खरोखर आहे, तिथल्या गोष्टीतून ती पुसली तर मुलांशी बोलायला निमित्तच उरत नाही.

मुलांना हे भाग दाखवावेत का?

'बार्ट द मदर' आठ-नऊ वर्षांच्या मुलाबरोबर बसून जरूर पाहा. 'कार्ट्रिज फॅमिली' थोडं मोठं झाल्यावर, आणि एकट्याने नको.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी मात्र आणखी एक काम आहे. 2020 पासून इथे 1 ते 19 वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक आहे, मोटार अपघातांच्याही वर. इथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की मूल खेळायला जाणार असेल त्या घरी आधी विचारा: तुमच्याकडे बंदूक आहे का, आणि ती कुलपात आहे का? काडतुसं वेगळी आहेत का?

मराठी माणसाला हे विचारायला जीभ रेटत नाही. पाहुण्याने यजमानाच्या घराची झडती घेतल्यासारखं वाटतं. माझा मुलगा सहा वर्षांचा असताना वर्गातल्या मित्राच्या वाढदिवसाला जायचा होता. मी फोन हातात घेऊन गॅसपाशी दहा मिनिटं उभी होते. शेवटी अॅलर्जीच्या प्रश्नाला जोडून विचारलं: त्याला शेंगदाणे चालतात, पोहता येत नाही, आणि हो, घरात बंदूक आहे का? पलीकडे क्षणभर शांतता. मग त्या बाई म्हणाल्या, आहे, वरच्या खोलीत तिजोरीत, तुम्ही या आणि बघा. मी गेले. इस्त्रीच्या टेबलामागे भिंतीला बोल्ट मारलेली पोलादी पेटी होती, काडतुसं दुसऱ्या कपाटात. विचारल्याबद्दल त्यांनी माझे आभार मानले.

तोच मुलगा आता अकरा वर्षांचा आहे. मागच्या महिन्यात आम्ही 'कार्ट्रिज फॅमिली' एकत्र पाहिला. दिवे फोडण्यापर्यंत तो सोफ्यावर लोळून हसत होता. सफरचंदाच्या दृश्याला उठून बसला. भाग संपल्यावर स्वयंपाकघरात गेला. मला वाटलं पाणी प्यायला. फ्रिज उघडल्याचा आवाज आला, मग खालचा ड्रॉवर सरकवल्याचा. कोथिंबिरीची जुडी उचलून त्याने खाली बघितलं, जुडी परत ठेवली आणि ड्रॉवर लावला.